कांचनजंगा

कांचनजंगा : दक्षिण मुंबईतील कंबाला टेकडीवरची २८ मजली निवासी इमारत. पेडर रोड (डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग) परिसरात ती उभी असून हिमालयातील प्रसिद्ध शिखराचे नाव तिला दिलेले आहे. चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) या वास्तुविशारदांनी प्रवीणा मेहता यांच्या सहकार्याने तिचा आराखडा तयार केला. संरचना-अभियंते शिरीष पटेल हे होते. कामाचा आरंभ १९७० मध्ये झाला आणि ते १९८३ मध्ये पूर्णत्वास गेले. इमारतीचा तलविन्यास २१ मी. × २१ मी. असा चौरस असून उंची ८४ मी. आहे, म्हणजे उंची रुंदीच्या चौपट भरते. तीत ३२ प्रशस्त सदनिका आहेत. उष्ण व दमट हवामानात उंच घर कसे बांधावे, या प्रश्नाचे एक विचारपूर्वक उत्तर म्हणून या इमारतीला भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात स्थान आहे. उंच इमारतींनी दाट शहराचा घरांचा प्रश्न सुटतो काय, या दुसऱ्या व अधिक बिकट प्रश्नाशीही तिचा इतिहास निगडित आहे.

पार्श्वभूमी : मुंबई हे मुळात सात बेटे जोडून झालेले चिंचोळे शहर. तिन्ही बाजूंना पाणी असल्याने त्याची वाढ उत्तरेकडेच होऊ शकली व दक्षिण टोकाकडील जमिनीचे मोल सतत वाढत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या निघाल्या व कोकण आणि देशावरून आलेला कामगार चाळींतून दाटीने राहू लागला. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. तिच्यामुळे या दाटीचे भीषण परिणाम उघड झाले आणि १८९८ मध्ये मुंबई नगर सुधारणा विश्वस्त मंडळ (सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन करण्यात आले. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारी विकास विभागाने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड (ना. म. जोशी मार्ग) येथे प्रबलित काँक्रीटच्या चाळी उभारल्या. त्या बी. डी. डी. चाळी या नावाने ओळखल्या जातात. तळमजला व वरचे तीन मजले अशा एका इमारतीत सामान्यपणे ८० खोल्या असून एका खोलीचे क्षेत्र सुमारे १५ चौ. मी. एवढेच होते.

मध्यम व धनिक वर्गांच्या घरांचा इतिहास वेगळा आहे. मलबार व कंबाला या टेकड्यांवर ब्रिटिश अधिकारी, पारशी, गुजराती व इतर व्यापारी यांचे बागांनी वेढलेले बंगले होते. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेमुळे (१९१५) एका इमारतीत अनेक कुटुंबांनी मालकीहक्काने राहण्याची प्रथा रुजू लागली. १९३० नंतर समुद्र हटवून केलेल्या बॅक बे भागात पाच-सहा मजली सदनिकांच्या इमारतींची रांग उभी राहिली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे किफायतशीर राहिले नाही. बांधून विकणे हाच मुख्य व्यवसाय झाला. अशा विक्रीतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनास १९६३ मध्ये मालकी सदनिकांविषयीचा कायदा करावा लागला. दरम्यान लिफ्ट व प्रबलित काँक्रीट ही साधने सर्वपरिचित झाली होती. कंबाला टेकडी परिसरात १९६१ च्या सुमारास उषाकिरण ही २५ मजली निवासी इमारत उभी राहिली आणि जुन्या बंगल्यांच्या जागी मनोरे येण्यास प्रारंभ झाला. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ मध्ये सुमारे ४१.५ लाख होती, ती १९८१ मध्ये ८२.४ लाखांवर गेली. कांचनजंगा इमारतीचा जन्म या दुपटीच्या काळातील आहे.

उंची व चटईक्षेत्र : उंच इमारत म्हणजे अधिक माणसांची सोय, असा सर्वसाधारण समज आहे, परंतु मुंबईच्या बाबतीत तो तपासून घ्यावा लागतो. १९६४ च्या विकास योजनेबरोबर शहरात चटईक्षेत्र निर्देशांकाची पद्धत आली. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे या निर्देशांकाने ठरते. मुंबई बेटावरील निवासी विभागांत तो १.३३ ठेवण्यात आला. १,००० चौ. मी. भूखंडावर या हिशेबाने १,३३० चौ. मी. चटईक्षेत्र मिळते. निम्म्या भूखंडावर बांधकाम केल्यास ते तीन मजल्यांतच संपते; विसाव्या हिश्श्यावर केल्यास इमारत २६–२७ मजल्यांची होते. दोन्ही इमारतींतील चटईक्षेत्र मात्र सारखेच असते. म्हणजे निर्देशांक कायम असता उंची वाढल्याने घरांची संख्या वाढत नाही. फक्त जमिनीवरील मोकळी जागा वाढते आणि वरच्या घरांस वारा, उजेड व दूरचा देखावा लाभतो. जेथे समुद्र दिसतो व जमीन महाग आहे, तेथे या देखाव्याला किंमत येते. सडपातळ निवासी मनोऱ्याचे आर्थिक मूळ येथे आहे.

घरांची संख्या सदनिकेच्या आकारावरही अवलंबून असते. कांचनजंगाच्या २१ मी. बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ ४४१ चौ. मी. येते. २८ मजल्यांचा हिशेब केला, तर गाभा, जिने व मोकळ्या गच्च्या धरून प्रत्येक कुटुंबाच्या वाट्यास सरासरी सुमारे ३८६ चौ. मी. जागा येते. चार मजल्यांची बी. डी. डी. चाळ ८० कुटुंबांना आश्रय देते, तर २८ मजल्यांचा हा मनोरा ३२ कुटुंबांना. ही तुलना इमारतीच्या गुणवत्तेला बाधा आणत नाही. उंची व वस्तीची दाटी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र तीवरून स्पष्ट होते.

हवामानाचा प्रश्न : मुंबईत समुद्रावरून येणारा वारा मुख्यतः पश्चिमेचा आहे. कंबाला टेकडीवरून पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस शहर आणि बंदर दिसते. त्यामुळे वारा व देखावा यांसाठी घराचे तोंड पूर्व-पश्चिम असणे इष्ट ठरते. परंतु सकाळचे व दुपारनंतरचे तिरपे, प्रखर ऊन याच दोन बाजूंनी आत शिरते; जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोसळणारा वार्षिक २,००० मिमी. हून अधिक पाऊसही पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर भिंतींवर आदळतो. म्हणून ज्या दिशेकडे घर उघडायचे, तिच्यापासूनच त्याचे रक्षणही करावे लागते.

जुन्या वास्तूंत हा पेच राहण्याच्या खोलीभोवती सावलीचा एक थर ठेवून सोडविलेला दिसतो. कोकणातील घराची पडवी व वाड्यातील ओसरी ही त्याची घरगुती उदाहरणे होत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या आग्नेयेस असलेला निजामशाहीतील फराहबाग हा महाल (१५८३) हे त्याचे राजेशाही उदाहरण. देशावरील कोरड्या उष्णतेत मधले उंच घुमटाकार दालन सभोवतीच्या दालनांच्या व खोल कमानींच्या सावलीत ठेवलेले असून सारा महाल तलावाच्या मध्यावर उभारलेला होता. त्यामुळे वारा पाण्यावरून येई व ऊन बाहेरच्या थरातच अडे. मुंबईतील बंगल्यांना चहूबाजूंनी असलेल्या रुंद व्हरांड्यांचे कार्य हेच होते. सदनिकांच्या इमारतींत मात्र हा थर नाहीसा झाला. जागेचे मोल चौरस फुटावर ठरू लागल्यावर सावलीसाठी ठेवलेली जागा वाया गेलेली वाटू लागली. व्हरांड्याच्या जागी अरुंद सज्जा आला.

कोरिया यांनी १९५८ मध्ये मुंबईत व्यवसायास आरंभ केला, तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मुंबईतीलच सोनमर्ग या इमारतीत (१९६१–६६) त्यांनी व्हरांडे, अभ्यासिका, स्नानगृहे यांसारख्या दुय्यम जागांचा एक पट्टा बाहेरच्या बाजूस ठेवून मुख्य खोल्यांना ऊन-पावसापासून आडोसा दिला. बंगल्याचा व्हरांडा येथे पहिल्यांदा बहुमजली इमारतीत परतला. कांचनजंगा ही या विचाराची पुढील व अधिक धीट पायरी होय.

रचना : इमारतीत तीन ते सहा शयनगृहांच्या चार प्रकारच्या सदनिका आहेत. त्या एकावर एक सारख्या न रचता उभ्या छेदात एकमेकींत गुंतविलेल्या आहेत. त्यामुळे घरातच थोड्या पायऱ्यांनी उंच-सखल पातळ्या निर्माण झाल्या आहेत. अनेक सदनिका पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार जातात आणि वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. प्रत्येक सदनिकेस कोपऱ्यावर दोन मजले उंचीची गच्ची-बाग आहे. ही गच्ची म्हणजे बंगल्याच्या व्हरांड्याचे व अंगणाचे एकत्र केलेले रूप होय : ती उन्हाला व पावसाला बाहेरच थोपविते, खोलीला सावली देते आणि संध्याकाळी बसण्याउठण्याची जागाही बनते. तिच्या दुप्पट उंचीमुळे जमिनीपासून साठ-सत्तर मी. वर असलेल्या कुटुंबालाही आकाशाखाली असल्याचा अनुभव मिळतो.

इमारतीचे बाह्यस्वरूप या योजनेतूनच सिद्ध झाले आहे. चौरस मनोऱ्याच्या साध्या, बहुतांशी बंद भिंतींत कोपऱ्यांवर मोठमोठे आयताकार छेद कोरल्यासारखे दिसतात. या खोल छेदांच्या सावलीमुळे मनोरा दुरूनही ओळखता येतो. एकमेकांत गुंतलेल्या दुमजली घरांच्या बाबतीत ल कॉर्ब्यूझ्ये यांच्या मार्सेय येथील निवासी इमारतीशी (१९५२) आणि खुल्या गच्च्यांच्या बाबतीत मोशे साफ्दी यांच्या माँट्रिऑल येथील ‘हॅबिटॅट ६७’ या वसाहतीशी तिची तुलना केली जाते. तथापि छेदांची जागा व खोली मुंबईच्या ऊन-पावसाने ठरविलेली असल्याने ती त्यांची नक्कल ठरत नाही.

संरचना : मनोरा उभारताना मुख्य प्रश्न वाऱ्याचा असतो. जमिनीत रोवलेल्या काठीप्रमाणे उंच इमारत वाऱ्याच्या दाबाने वाकू पाहते. उंचीभर सारखा दाब धरल्यास पायाशी येणारी वाकविणारी शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; उंची दुप्पट झाली, तर ती चौपट होते. रुंदी कमी असल्यास विरोध करण्यासाठी लागणारा पायाचा पसाराही कमी मिळतो. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी वादळे ध्यानी घेऊन मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूलभूत वेग दर सेकंदास ४४ मी. धरलेला आहे.

कांचनजंगा इमारतीत हा भार मुख्यतः मधला काँक्रीटचा गाभा पेलतो. लिफ्ट याच गाभ्यात असून उर्वरित बांधकामाच्या आधी तो सरकत्या साच्याच्या पद्धतीने उभारण्यात आला. या पद्धतीत साचा न उतरविता काँक्रीट घट्ट होईल तसा हळूहळू वर सरकवीत नेतात. त्यामुळे भिंत अखंड व सांध्याविरहित बनते. भारतात बहुमजली इमारतीसाठी तिचा हा पहिला वापर मानला जातो. गाभा भक्कम असल्यामुळे बाहेरचे कोपरे खांबांवाचून मोकळे ठेवता आले. गच्च्या कँटिलीव्हर पद्धतीने, म्हणजे एकाच टोकाशी आधार घेऊन, सुमारे ६.३ मी. पर्यंत पुढे काढलेल्या आहेत. हवामानासाठी योजिलेली कोपऱ्यातील पोकळी संरचनेच्या या निर्णयाविना शक्य झाली नसती.

नवी मुंबई व बेलापूर : कांचनजंगाशी संबंधित तीन नावे मुंबईच्या इतिहासात आणखी एका संदर्भात एकत्र येतात. कोरिया, मेहता व पटेल यांनीच १९६४–६५ मध्ये बंदराच्या पलीकडे, मुख्य भूमीवर नवे शहर वसविण्याची सूचना मांडली होती. बेटाच्या दक्षिण टोकाकडे होणारी नोकऱ्यांची गर्दी व जमिनीची टंचाई यांवर तोच उपाय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. राज्य शासनाने ही कल्पना स्वीकारली व १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले. कोरिया हे त्याचे प्रमुख वास्तुविशारद होते. धनिकांच्या मनोऱ्याचा आराखडा व सामान्यांच्या शहराची योजना ही दोन्ही कामे अशा रीतीने एकाच वर्षी सुरू झाली.

सामान्य माणसाच्या घराविषयी कोरिया यांचे मत मनोऱ्यांच्या विरुद्ध होते. लिफ्ट, पंप, पोलाद व सिमेंट यांमुळे उंच इमारत महाग पडते. ती दुरुस्त करणे वा वाढविणे रहिवाशांच्या हाती राहत नाही. उलट बैठ्या घरांना स्थानिक गवंडी व साधे साहित्य पुरते, आणि उष्ण हवामानात अंगण व गच्ची ही खोलीइतकीच उपयोगी पडतात, असे ते प्रतिपादन करीत. नवी मुंबईतील बेलापूर येथील वसाहतीत (१९८३–८६) त्यांनी ते प्रत्यक्ष करून दाखविले. सुमारे ४५ ते ७५ चौ. मी. भूखंडांवरची ही एक-दोन मजली घरे सात-सातच्या गटांनी छोट्या चौकांभोवती मांडलेली असून त्यांची दाटी हेक्टरी सुमारे शंभर घरे एवढी आहे. शेजारच्या घराशी भिंत सामाईक नसल्याने प्रत्येक कुटुंबास ऐपतीप्रमाणे घर वाढविता येते. पुढे अनेक घरे रहिवाशांनी बदलली वा पाडून नव्याने बांधली. परंतु लिफ्टवाचूनही दाट व सुसह्य वस्ती होऊ शकते, हे तेथे सिद्ध झाले. कांचनजंगातील गच्ची-बाग व बेलापूरचे अंगण यांमागील तत्त्व एकच आहे. पहिलीसाठी २८ मजल्यांचा खर्च लागतो व दुसऱ्यासाठी थोडी जमीन.

उत्तरकाल : १९८३ नंतर कंबाला टेकडीवर आणि पुढे ताडदेव, परळ, वरळी या भागांत निवासी मनोऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मूळ निर्देशांक बेटावर १.३३ च ठेवला. पण झोपडपट्टी व जुन्या चाळींचे पुनर्वसन, हस्तांतरणीय विकास हक्क इ. मार्गांनी जादा चटईक्षेत्र उपलब्ध करून दिले. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीही बांधकामास खुल्या झाल्या. ताडदेव येथील इंपीरिअल हे जुळे मनोरे (२०१०) सुमारे २५४ मी., तर परळ भागातील वर्ल्ड वन सुमारे २८० मी. उंचीचा आहे. त्यांच्यापुढे ८४ मी. ची कांचनजंगा आज ठेंगणी दिसते.

उंचीचे हे अनुकरण झाले, व्हरांड्याचे मात्र झाले नाही. यास नियमांचाही हातभार लागला. १९९१ च्या नियमावलीत सज्जे काही मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रातून वगळले होते आणि शुल्क भरून ते बंदिस्त करण्यास मुभा होती. परिणामी मोकळा सज्जा बहुधा खोलीत समाविष्ट होई. या व अशाच अन्य सवलतींचा गैरफायदा थांबविण्यासाठी जानेवारी २०१२ मध्ये सज्जे, पुष्पवाफे इ. जागा चटईक्षेत्रात मोजण्याचे ठरले व त्याबदली निवासी बांधकामास ३५ टक्के जादा क्षेत्र अधिमूल्य घेऊन देण्यात येऊ लागले. पळवाट बंद झाली. पण सावलीची मोकळी जागा व विकता येणारी खोली यांना एकच मोल आले. वातानुकूलन यंत्राने व काचेच्या भिंतींनी उरलेली गरजही संपविल्यासारखी झाली. मनोरा मुंबईत असला काय अथवा अन्यत्र असला काय, त्याच्या बाह्यरूपात फरक उरला नाही.

अन्य देशांत मनोऱ्यांची सडपातळता याहून पराकोटीस गेली आहे. हाँगकाँग येथील हायक्लिफ (२००३) ही इमारत २५२ मी. उंच असून तिची उंची रुंदीच्या सुमारे वीस पट आहे. न्यूयॉर्क येथे सत्तावन्नाव्या रस्त्यावर २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या स्टाइनवे मनोऱ्यात (४३५ मी.) हे प्रमाण सुमारे चोवीस पटींपर्यंत पोहोचले. अशा इमारतींचे वाऱ्याने होणारे आंदोलन रहिवाशांना जाणवू नये, म्हणून माथ्याजवळ शेकडो टन वजनाचे शामक बसवितात. शेजारच्या भूखंडांचे न वापरलेले बांधकाम-हक्क विकत घेऊन ही उंची साधलेली असते. चौपट प्रमाणाची कांचनजंगा या पंक्तीत बसत नाही. परंतु मोजक्या कुटुंबांसाठी हवा व देखावा यांची उंचावर केलेली तरतूद हे दोन्हींचे प्रयोजन एकच आहे.

मूल्यमापन : २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या सुमारे १.२४ कोटी लोकसंख्येपैकी पाचांत दोन माणसे झोपडपट्टीत राहत असल्याची नोंद झाली. घरांच्या टंचाईवर कांचनजंगा हे उत्तर नव्हते. तिच्या कर्त्यांनीही तसा दावा केला नाही, किंबहुना त्या टंचाईवरील त्यांचे उत्तर बंदराच्या पलीकडे होते. तिने एक मर्यादित गोष्ट सिद्ध केली : काँक्रीटचा बहुमजली मनोराही ऊन, पाऊस व वारा यांना अनुसरून बांधता येतो आणि पडवी ही केवळ जुन्या घराची आठवण नसून आजच्या घराचीही गरज आहे. शहराने या धड्यातील उंची घेतली, तिच्यासाठी मोल मोजले आणि तिच्या सावलीकडे बव्हंशी दुर्लक्ष केले. सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आज जे उंच पुनर्वसन मनोरे बांधले जात आहेत, त्यांत वारा आरपार जाणारी खोली व सावलीची थोडी मोकळी जागा कितपत मिळते, यावरच या इमारतीच्या प्रयोगाचे सार्वजनिक फलित ठरणार आहे.